मागते सर

ओळख व्हायच्या आधीच सरांनी माझ्याकडं लोणचं मागितलं होतं. नाव नंतर विचारलं.

शिरूरच्या आमच्या कॉलेजची स्टाफरूम, मधली सुट्टी. मी डबा उघडत होते. एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ सिमेंटच्या जाहिरातीची कापडी पिशवी घेऊन आत आले आणि थेट माझ्यासमोर बसले. "कैरीचं आहे का? एक फोड द्या." मी दिली. त्यांनी ती सावकाश खाल्ली, साल बाजूला ठेवली, "मीठ जरा पुढं गेलंय," असा शेरा मारला आणि मग विचारलं, "मॅडम, ते ट्रेनिंग कुठल्या हॉलमध्ये आहे हो? मीच घेणार आहे ते."

वरून फर्मान आलं होतं त्या वर्षी. आता नुसतं शिकवून भागणार नाही, प्रत्येक प्राध्यापकानं मेंटॉर व्हायचं. मुलांचे गट पाडायचे, त्यांच्याशी बोलायचं, त्यांना कॉलेजात टिकवायचं. आणि हे कसं करायचं ते शिकवायला शिरूर आणि दौंड मिळून महिन्याकाठी एक कार्यशाळा, कधी आमच्याकडं, कधी दौंडला. सर दौंडचे. तिथल्याच एका कॉलेजातून निवृत्त झालेले. काय शिकवायचे, यावर मात्र एकमत नव्हतं. कुणी इतिहास म्हणायचं, कुणी पदार्थविज्ञान. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "मुलांनाच विचारायला पाहिजे."

आता माझ्याविषयी. मी भूगोल शिकवायची. पन्नाशीला आलेली, आणि मुलांचं मन आपल्याइतकं कुणालाच कळत नाही अशी पक्की खात्री असलेली. मी एक 'विद्यार्थी समस्या पत्रक' तयार केलं होतं, रंगीत प्रिंट काढून. एकेका मुलाला बोलवायचं, मान जराशी तिरकी करायची, आवाजात साय आणायची आणि म्हणायचं, "बाळा, तुला काही सांगायचंय का?" पोरं दाराकडं बघायची. निमोण्याच्या एका मुलानं तर काळजीनं विचारलं होतं, "मॅडम, तुमची तब्येत बरी हाय ना?" हे सगळं परवा नातीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, तू किती क्रिंज होतीस गं!" त्या शब्दाचा अर्थ मी विचारला नाही. आवाजावरून कळला.

तर पहिलं ट्रेनिंग. सगळे वह्या-पेनं सरसावून बसलेले. प्रोजेक्टर लावून शिपाई उभा. सर म्हणाले, "बंद करा तो. आता उठा, आणि शेजाऱ्याकडं काहीतरी मागा. पैसे सोडून काहीही."

 पोरांना तासभर झापणारी माणसं आम्ही, पण मागायचं म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं शिवली. शेवटी आमच्या जिमखान्याच्या सरांनी शेजारच्या बाईंकडं कंगवा मागितला. त्यांच्या डोक्यावर केस नव्हते, त्यामुळं हशा झाला.

"मागणाऱ्याकडं बघू नका," सर ओरडले. "देणारीकडं बघा! चेहरा बघा तिचा!"

आम्ही बघितलं. बाई पर्समध्ये कंगवा शोधत होत्या, दुसरं काय.

"झालं," सर म्हणाले. "आजचं ट्रेनिंग संपलं. जेवण किती वाजता आहे?"

प्राचार्य हादरले. दिवसभराचा कार्यक्रम होता, फोटो काढायचे होते. सर जेवायला थांबले, आचाऱ्याकडून मसालेभाताची कृती मागून घेतली आणि जाताना जिमखान्याच्या सरांचं पेन खिशाला लावून गेले. ते पेन परत आलं नाही. पुढच्या महिन्यात ग्रंथपालांची कानटोपी गेली, मग कुणाचा तरी वाचायचा चष्मा. नंबर जुळतो का, हेही सरांनी पाहिलं नव्हतं. स्टाफरूमनं त्यांचं नाव पाडलं, मागते सर. ते येणार असले की लोक छत्र्या कपाटात ठेवायचे.

रस्ताही मागायचे ते. दौंडहून एसटीनं यायचे, चौफुल्याला गाडी बदलून. तरी दरवेळी परत निघताना मला विचारायचे, "मॅडम, तुम्ही भूगोलाच्या. दौंडला जायला कसं हो?" पहिल्यांदा मी तोंडी सांगितलं. दुसऱ्यांदा कागदावर नकाशा काढून दिला, उत्तर दिशेच्या बाणासकट. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. "यात न्हावरा कुठंय?"

न्हावरा मी विसरले होते. वर्षानुवर्षं ज्या रस्त्यानं मी माहेरी जाते त्याच रस्त्यावरचं अख्खं गाव.

"असू दे असू दे. पुढच्या वेळी दुरुस्त करून द्या," असं म्हणून ते गेले, आणि मी महिनाभर त्यांचं देणं लागत असल्यासारखी वावरत राहिले. हे त्यांनी मुद्दाम केलं की त्यांना खरंच रस्ता लक्षात राहत नव्हता? मला तेव्हा कळलं नाही. आताही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

त्यांचं तत्त्वज्ञान, म्हणजे आम्ही ज्याला तत्त्वज्ञान समजायचो ते, एवढंच होतं. मास्तर द्यायला निघाला की पोरं लांबूनच ओळखतात आणि वाट बदलतात. म्हणून मास्तरानं मागावं. स्वतः कमी पडावं. आणि घेतलेलं लगेच परत करू नये. "परत केलं की हिशेब मिटला. मिटवायची एवढी कसली घाई असते हो तुम्हाला?"

याचा परिणाम काय झाला ते ऐका. जिमखान्याच्या सरांनी मनावर घेतलं. त्यांच्या गटात राहूचा एक मुलगा होता, घरचं गुऱ्हाळ. त्याला ते प्रेमानं म्हणाले, "तुमच्याकडचा गूळ खाऊन बघायचाय रे एकदा." दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकात पिकअप उभी. मुलाचे वडील फेटा सावरत उतरले. "मास्तरांनी तोंडानं मागितलं, मग खडा कसा द्यायचा?" गुळाच्या ढेपाच ढेपा. त्या बघून बाकीच्या पोरांनी घरी काय सांगितलं कोण जाणे. भांडगावहून कांद्याची गोणी आली, कुठून तरी कोंबडीही आली, जिवंत, पाय बांधलेली. ज्या घरात जिमखान्याच्या सरांनी काही मागितलं नव्हतं तिथले लोक रुसले. "आमचं काय गोड लागत न्हाई व्हय?"

आणि मूल्यांकनाची समिती पुढच्या आठवड्यात यायची होती.

"मॅडम, हे लाच दिसेल, लाच!" प्राचार्य घामाघूम. गूळ भूगोलाच्या प्रयोगशाळेत माझ्या पृथ्वीगोलांमागं लपवला. मुंग्यांना तो समितीच्या आधी सापडला. कोंबडीचं काय झालं ते जिमखाना विभागाला ठाऊक.

सर आले तेव्हा प्राचार्यांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. सर शांतपणे गूळ चाखत होते. "मागितला कुणाकडं?"

"मुलाकडं," जिमखान्याचे सर म्हणाले.

"गूळ कुणाचा?"

"त्याच्या वडिलांचा."

"मग चुकलंच की. मुलाचं स्वतःचं काय आहे ते मागायचं. बापाचं मागितलं तर बाप येणार." मग एकदम माझ्याकडं वळले. "तुमच्या गटातली कोण गळायला लागलीय मॅडम?"

माझ्या गटातली गळायला लागलेली होती सोनाली. निमोण्याची, शेवटच्या वर्षाला. मागच्या बाकावर बसायची, मांडीवर हेल्मेट घेऊन. त्या हेल्मेटचा अर्थ सगळ्या वर्गाला माहीत होता. तिच्या चुलतभावानं एमआयडीसीतल्या एका कंपनीत तिच्यासाठी शब्द टाकला होता, दिवाळीनंतर ऑर्डर येणार होती, आणि हेल्मेट नसेल तर कंपनीच्या फाटकातून गाडी आत घेत नाहीत. तिची तयारी झाली होती. पदवी काही महिन्यांवर आलेली असताना ती ते सोडून देणार होती, आणि एकदा सोडल्यावर तिच्या घरातून पुन्हा कुणी तिला कॉलेजला पाठवणार नव्हतं. माझ्या समस्या पत्रकात तिनं सगळ्या रकान्यांत एकच शब्द लिहिला होता. 'न्हाई.'

"तिचं स्वतःचं काय आहे?" सरांनी विचारलं.

"स्कूटी आहे एक. ती चालवत येते."

"तुम्हाला येते?"

"मला? या वयात?"

"वय कुठं मागा म्हणतोय मी?"

मी सोनालीला गाठलं. मान तिरकी करायची विसरले, कारण खरोखरच घाबरले होते. म्हटलं, "मला स्कूटी शिकवतेस का?" तिनं मागं वळून पाहिलं. दुसऱ्या कुणाशी बोलतेय असं वाटलं असावं तिला.

दुसऱ्या दिवशीपासून कॉलेज सुटल्यावर मैदानावर आमचा तमाशा सुरू झाला. न बोलणारी ती पोरगी गाडीवर मला बसवल्याबरोबर पोलीस झाली.

"आधी निऱ्या खोचा. पदर बांधा. माझ्याकडं काय बघताय, फुडं बघा!"

"ब्रेक कुठला गं?"

"दोन्ही! दोन्ही दाबा! आवं मॅडम, पिळू नका त्याला, ऊस न्हाई त्यो!"

मी व्हॉलीबॉलच्या जाळीत जाऊन अडकले. वरच्या मजल्यावरून टाळ्या पडल्या. सोनाली पोट धरून हसत होती. तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकत होते आणि त्याचं कारण मी होते, हे मला मोठं भूषण वाटलं. तिनं स्वतःचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर बसवलं. "शिकलेलं डोकं हाय. फुटलं तर आम्हाला कोण नापास करणार?"

मग एका संध्याकाळी तिला घरून फोन आला. घाईनं ती माझ्याकडून गाडी घेऊन गेली आणि हेल्मेट माझ्या डोक्यावरच राहिलं. ते घालून मी स्टाफरूमपर्यंत गेले, हेही सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. दिवाळी झाली, कॉलेज उघडलं, तरी आली नाही.

मी निमोण्याला जायची तयारी केली. हेल्मेट परत द्यायचं आणि सोबत एक भाषणही द्यायचं ठरवलं होतं. शिक्षणाचं महत्त्व, स्त्रीचं स्वावलंबन, सगळं मुद्देसूद. त्याआधी दौंडला कार्यशाळा होती. तिथं सरांना सांगितलं.

"न्यायचं नाही," सर म्हणाले.

"अहो, तिला कंपनीत जायला लागतं ते!"

"मग तर ती येईलच."

"सर, ती कॉलेज सोडण्यासाठी येईल!"

"येईल ना पण?"

मला काही कळेना. बुडणाऱ्या माणसाला पाण्यानं तोंड धुवायला सांगावं तसं काहीतरी वाटलं. मी चिडून उठले तर ते म्हणाले, "आज भाजी कसली होती? डबा राहू द्या तो माझ्याकडं." आणि माझा स्टीलचा डबा त्यांच्या कापडी पिशवीत गेला. लग्नात मामानं दिलेला, झाकणावर माझं नाव कोरलेला डबा! मी मनातल्या मनात त्यांना सरळ सरळ चोर म्हटलं.

सोनाली आली ती मी क्लार्कबाईंची स्कूटी घेऊन मैदानावर गोल फिरायचा प्रयत्न करत असताना. फिरणं सरळच व्हायचं. वळण आलं की माझा पाय आपोआप जमिनीला टेकायचा. ती मैदानाच्या कडेला उभी होती.

"हेल्मेट द्या मॅडम. उद्या जॉइन व्हायचंय."

भाषण अख्खं तोंडपाठ होतं. त्यातला एक शब्द आठवला असता तर शपथ! मी म्हणाले, "सोनाली, वळताना पाय टेकतो गं माझा."

ती जवळ आली. "टेकणारच. वळायच्या आधीच तुम्ही घाबरताय." मग पिशवी खाली ठेवली. "सरका मागं. नुसतं बघा, मी कशी वळते."

तिनं मला मागं बसवून दोन-चार फेऱ्या मारल्या, हेल्मेट घेतलं आणि गेली. मी रिकाम्या मैदानात उभी. माझ्या गटातली मुलगी गळाली होती, आणि गळायला लागणारं साहित्य मीच जपून ठेवून तिच्या हातात दिलं होतं. वा गं मेंटॉर!

रविवारी मी दौंड गाठलं. दोन गोष्टी करायच्या होत्या. डबा आणायचा आणि सरांना त्यांचं तत्त्वज्ञान कसं बुडालं ते तोंडावर सांगायचं.

स्टेशनमागच्या चाळीत त्यांचं घर. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि थबकले. भिंतीवर खुंट्यांना छत्र्या लटकलेल्या. टीव्हीवर चष्मे. फळीवर डबे, वाट्या, तांबे, प्रत्येकावर वेगळ्याच माणसाचं नाव. ग्रंथपालांची कानटोपी खिडकीत वाळत होती. खाटेवर रेल्वेतला एक तरुण बसून चहा पीत होता. तो त्याची बॅटरी न्यायला आला होता.

सरांच्या पत्नी आतून आल्या. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "या. तुमचं कुठलं ते ओळखून न्या. पण आधी चहा. ही अट माझी हाय, त्यांची न्हाई."

रेल्वेवाला गेल्यावर मी जरा खवचटपणेच म्हटलं, "बऱ्याच वस्तू जमल्यात."

त्या हसल्या. "रिटायर झाले तवा काय सांगू बाई. ज्या घराच्या पायरीवर पोरांच्या चपला मावायच्या न्हाईत, तिथं कित्येक महिने कुणी कडी वाजवली न्हाई. हे दारात खुर्ची टाकून बसायचे. मग एक दिवस कुणाची तरी छत्री घेऊन आले. मी म्हटलं, आवं देऊन या. तर न्हाईच. दुसऱ्या दिवशी छत्रीवाला न्यायला आला. बसला, जेवला, छत्री इसरून गेला. तवापास्नं हे चालू हाय."

मी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे ते ट्रेनिंगचं, मागायचं, परत न करायचं, ते सगळं यातून?"

"त्यातलं मला काय कळत न्हाई. आधी छत्री का आधी ट्रेनिंग, त्यांनाच इचारा."

मी विचारणार होते. पण सर बाहेरून आले आणि मला बघून आनंदानं म्हणाले, "बरं झालं आलात! मॅडम, शिरूरला जायला कसं हो?"

स्वतःच्या घरात उभे राहून विचारत होते.

मी सोनालीचं सगळं सांगितलं. ती आली, हेल्मेट घेऊन गेली, कंपनीत लागली. तुमची विद्या फुकट गेली, असंही म्हणाले. त्यांनी एकच विचारलं, "वळण जमलं का तुम्हाला?"

"कुठं जमतंय. अर्धवटच राहिलं."

"मग रडताय कशाला?" म्हणाले, आणि मी आणलेल्या पेढ्यांतला दुसरा पेढा मागितला.

त्यांच्या पत्नींनी माझा डबा शोधून दिला, आत शेंगदाण्याची चटणी भरून. चौफुल्याला गाडी बदलताना लक्षात आलं, माझी छत्री तिथंच राहिली. राहिली की मीच ठेवली? तेव्हाही सांगता आलं नसतं.

काही दिवसांनी, कंपनीच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी, सोनाली कॉलेजच्या फाटकात उभी. डोक्यावर हेल्मेट.

"काय गं?"

"तुमचं वळण अर्धं ऱ्हायलंय. असंच सोडलं तर शिरूरच्या पुलावर कुणाला तरी आडवं कराल, आन् लोक इचारतील, शिकवलं कुणी?"

मग दर सुट्टीला यायला लागली. सकाळी मला वळवायची, मग "आलेच हाय तर" म्हणून तासाला बसायची, राहिलेलं ग्रंथालयात बसून उतरवून घ्यायची. मी एक शब्द बोलले नाही. भीती अशी की मला वळता यायला लागलं तर ही यायची बंद होईल. म्हणून मी, एक सुशिक्षित प्राध्यापिका, कितीतरी आठवडे मुद्दाम पाय टेकवत राहिले. तिला ते कळत होतं का? एकदा म्हणाली, "मॅडम, तुमच्याइतकं हळू शिकणारं माणूस मी बघितलं न्हाई." आणि हसली. त्या हसण्याचा अर्थही माझ्याकडं अजून तसाच पडून आहे.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी ती हॉलच्या दारात माझ्यासमोर आली. पहिल्या पाळीहून थेट, कंपनीच्याच कपड्यांत. हात पुढं केला.

"मोबाईल आत नेऊ देत न्हाईत. घड्याळ द्या की तुमचं."

इतक्या दिवसांत तिनं माझ्याकडं काही मागितलेलं हे पहिलंच. मी पट्टा सोडला, तिच्या मनगटाला सैल होत होता, तिनं तो वरच्या भोकात ओवला आणि आत गेली. पास झाली. पदवीच्या कागदावर नाव लागलं. घड्याळ तिच्याकडंच राहिलं.

आता ती त्याच कंपनीत एका लाइनची सुपरवायझर आहे. दरवर्षी दिवाळीत येते, आता मुलीला घेऊन. उंबऱ्यातच कपाळावर हात मारते. "आवं मॅडम, घड्याळ यंदाबी इसरलेच की वो!" मी म्हणते, "असू दे, पुढच्या वेळी." मग चहा होतो, कंपनीतल्या गोष्टी होतात, माझ्या स्कूटीची चेष्टा होते. नात मला आत येऊन विचारते, "आजी, दरवर्षी कशी विसरते गं ती?" मी तिला फराळाची ताटली न्यायला सांगते.

सर थकलेत. मी पावसाळा संपला की छत्री आणायला दौंडला जाते. चहा होतो, छत्री राहते. ते थोर शिक्षक होते की एकटे पडलेले म्हातारे गृहस्थ, की त्यांना खरंच रस्ता सापडत नव्हता, हे मी त्यांना विचारायचं दरवेळी ठरवते. तेवढ्यात ते काहीतरी मागतात आणि राहून जातं.

मुलानं मला पावलं मोजणारं नवं घड्याळ आणून दिलंय. ते खणात आहे. दिवाळी जवळ आली, गल्लीत स्कूटीचा आवाज आला, की मी डावा हात पदराबाहेर काढून बसते. मोकळं मनगट तिला दारातूनच दिसायला हवं.